विचारलं तेवढंच

आमसुलांचं तरट उचलायला दोन माणसं लागतात. चारही कोपरे एकदम वर आले नाहीत तर सालं मधोमध गोळा होतात आणि एकमेकांना चिकटून बसतात. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी ते अंगणातून उचललं. माझी बायको अनुसया, सगळा गाव तिला अनशी म्हणायचा, तिने तिच्या बाजूचे दोन कोपरे धरले. डावा कोपरा डाव्या हातानेच धरला.

"तुमचा कोपरा खाली," ती म्हणाली.

"माझा नाय, तुझा वर हाय."

"माझा वर हाय म्हंजे तुमचा खालीच झाला ना वो."

हे आमचं शेवटचं धड बोलणं. तरट ओटीवर ठेवलं. ती पायरीवर बसली, पदराने मान पुसली. मग तिचा डावा हात आपोआप उडायला लागला. मी म्हटलं, "काय गो, माशी काय?" तिने माझ्याकडे बघितलं आणि आडवी झाली. शेजारच्याच्या टेम्पोत आंब्याच्या पेट्या भरलेल्या होत्या. त्या भराभर उतरवल्या, तिला घातली आणि रत्नागिरीला नेली. शुद्धीवर आलीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

आता लोक येतात, बसतात, चहा पितात आणि उठता उठता विचारतात, मग ते डोक्याचं ऑपरेशन फुकटच गेलं म्हणायचं काय? मुंबईचा डॉक्टर म्हणाला, ऑपरेशन यशस्वी झालं. देवीने उजवा कौल दिला. अनशी स्वतः म्हणाली, मनासारखं झालं. तिघांपैकी एकही खोटं बोलणारं नाही. आणि अनशी तर घरात नाही. हे एकात एक कसं बसवायचं ते मला समजलेलं नाही. मी जन्मभर चिरेखाणीत दगड कापला, शाळेत तिसरीपर्यंत गेलो. माझ्या डोक्याची धाव तेवढीच. म्हणून ती कशी होती ते सांगतो. त्यातून कोणाला उलगडलं तर बघावं.

अनशीची एक खोड होती. ती मोजकं विचारायची. जेवढं तिला हवं तेवढंच, आणि उत्तर आलं की पुढे एक शब्द नाही. मी तिला बघायला गेलो तेव्हाची गोष्ट. आमच्या काळी मुलीने पाण्याचा तांब्या ठेवायचा, खाली बघायचं आणि आत जायचं. ही तांब्या ठेवून उभीच राहिली.

"तुमची विहीर चैतात आटते काय?" मला म्हणाली.

माझे वडील घसा खाकरायला लागले. तिचा मामा हसला. मी म्हटलं, "नाय आटत." खरंच आटत नव्हती. ती आत गेली आणि लग्न ठरलं.

विहीर आटत नव्हती, पण होती घाटीच्या पायथ्याला. भरलेली कळशी घेऊन वर यायचं तर गड्याचीही छाती भरायची. लग्न होऊन आली आणि पहिल्याच सकाळी माझ्या आईने तिला हंडा-कळशी देऊन पाठवली. परत आली तेव्हा तोंड लालबुंद. आई वाट बघत होती, आता ही काहीतरी बोलणार. अनशीने हंडा उतरवला, दम घेतला आणि म्हणाली, "मी लांब हाय काय असा विचारला नव्हता." त्यानंतर जन्मभर पाणी भरलं, पण त्या विहिरीबद्दल तक्रार केली नाही. आटली नाही, एवढं मात्र दरवर्षी चैत्रात मला सांगायची, जशी काय ती मीच खणली होती.

मासेवाली दारात आली तरी तेच. शेजारची शेवंती विचारायची, ताजं हाय काय? अनशी तिला दटावायची, "ताजा हाय काय म्हणून विचारलास तर ती व्हयच सांगणार. कुठल्या बंदराचा तेवढा विचार." बंदराचं नाव कळलं की पुढचं गणित तिचं तिने केलेलं असायचं.

मी उलटा. मला सगळं विचारायला लागतं. गाडी कधी सुटली, कुठे अडली, डायवर कोण आहे. ती म्हणायची, "उत्तर घरी न्यायला लागता आपल्यालाच. झेपेल तेवढाच विचारावा." मी म्हणायचो, "तू वकिलाच्या घरात जायची, चुकून खाणीत आलीस." ती म्हणायची, "वकिलाकडे विहीर अंगणात असती, ता खरा."

तिची आमसुलं सगळ्या वाडीत वेगळी. रातांबे, म्हणजे कोकमाची लाल फळं, फोडायचे, आतला गर आणि बिया मिठात घालून रस काढायचा, सालं त्या रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, परत बुडवायची, परत वाळवायची. प्रत्येक बुडवणीला पुट म्हणतात. बाकीच्या बायका मोजून पुटं देत. अनशी मोजत नसे. सालाचा तुकडा दातांत धरायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "अजून एक मागताय," नाहीतर, "झाला." काय कळायचं तिला ते कधी सांगितलं नाही. मीही तेवढं एक विचारलं नाही.

काही वर्षांपूर्वी तिच्या छातीत गाठ झाली. आमचा सुरेश मुंबईला कंपनीत आहे, त्याने तिकडे नेऊन काढून घेतली. जखम भरली, ती परत आली, पाणी भरायला लागली. आम्ही समजलो, काढली म्हणजे गेली. घरातून घाण उचलून बाहेर टाकली की गेलीच ना. मला अजूनही तसंच वाटतं आणि तिथेच माझा गोंधळ होतो.

मग गेली दिवाळी आली. भातकापणीत तिच्या डाव्या हातातून पेंढ्या पडत होत्या. डाव्या पायातली चप्पल वाटेत राहायची आणि हिला पत्ता नसायचा, मागून येणारी पोरं आणून द्यायची. मी म्हटलं, म्हातारी झालीस. पाडव्याच्या सकाळी तिने उंबऱ्यापुढे रांगोळी काढली. उजवी बाजू कमळाच्या पाकळ्यांनी भरलेली, डावी बाजू कोरी जमीन.

"अर्धीच का गो?"

तिने रांगोळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अख्खी तर हाय. डोळे तपासून घ्या."

थट्टा करतेय असं वाटलं. पण जेवायला बसली तर ताटातला उजवीकडचा भात खाल्ला आणि डावीकडचा तसाच ठेवून उठली. मी ताट फिरवून पुढे केलं तशी बसून तोही खाल्लान. मी शेवंतीला बोलावून दाखवलं. शेवंती म्हणाली, नजर हाय. रत्नागिरीच्या डॉक्टरने हातापायांवर हातोडी मारली, छातीचा जुना व्रण बघितला आणि म्हणाला, आजच्या गाडीने मुंबईला जा.

मुंबईत तिला एका मोठ्या यंत्रात घातली आणि डोक्याचे फोटो काढले. डॉक्टर चाळिशीचा होता, माणूस चांगला, घाई न करणारा. उजेडावर फोटो धरून त्याने उजव्या बाजूला पांढरा गोल दाखवला, लिंबाएवढा. म्हणाला, छातीतलाच जुना आजार आहे, डोक्यात आलाय.

मी म्हटलं, "छातीतला डोक्यात कसा जाईल? मधे मान हाय."

सुरेश म्हणाला, "बाबा." डॉक्टर मात्र हसला नाही. म्हणाला, रक्तातून जातो. मग त्याने दोन वाटा सांगितल्या. एक, नुसत्या गोळ्या आणि यंत्राच्या किरणांचा शेक. दुसरी, कवटी उघडून ती गाठ काढायची आणि मग शेक. गाठ वरच्या अंगाला आहे, एकच दिसतेय, काढण्यासारखी आहे. आजार मुळातून जाईल असं तो म्हणत नव्हता. पण माणसाला चालता-बोलता येतं, घरात वावरता येतं, तेवढा काळ चांगला जातो, बऱ्याच जणांचा.

अनशी एवढा वेळ स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होती. मांडीवर दुसऱ्या कोणाची वस्तू ठेवावी तसा तो ठेवला होता.

"गाठ काढलीत तर हा हात येईल काय?" तिने विचारलं.

डॉक्टर म्हणाला, "बहुतेक येईल. नक्की असं नाही म्हणणार, पण येण्याची शक्यता चांगली आहे."

"बरा," ती म्हणाली आणि उठली. मी विचारणारच होतो, मग ती जगेल किती. तोंड उघडलं होतं. तिने उजव्या हाताने माझ्या सदऱ्याची बाही अशी धरली की टाका उसवला. बाहेर जिन्यात मी भडकलो.

"विचारू दे की मला."

"माझा डोका हाय. मी विचारला माझ्यापुरता."

"आणि माझा काय?"

ती एक पायरी उतरली. मग म्हणाली, "तुमाला विचारायचाच असेल तर गावाला जावा आणि देवीला कौल लावा. पण विचाराल ते मी सांगते तेवढाच. हात येईल काय. बस."

ऑपरेशनचा दिवस ठरला होता, मधे थोडे दिवस होते. डॉक्टरने सूज उतरायच्या गोळ्या चालू केल्या होत्या, ती सुरेशपाशी राहिली. मी मुंबई गाडीने गावाला आलो. आमच्याकडे देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, प्रश्न सांगतो. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. गुरवाने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता तयारी केली.

"अनशीवयनीचा सांगा," तो म्हणाला.

मी तिचं वाक्य सांगितलं. डोक्याचं ऑपरेशन करून हात परत येईल काय. गुरवाचं बोलून होतंय न होतंय तोच उजवी पाकळी पडली. गुरव खूश झाला, प्रसाद हातावर ठेवला. म्हणाला, "आणखी काय हाय काय?"

मी म्हटलं, "हाय. ती जगेल काय, विचार."

त्याने परत पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं घातलं. आम्ही बसलो. समईची वात त्याने सारखी केली. बाहेर कोणीतरी गुरं वळवत होतं. एकही पाकळी पडली नाही. ना उजवी, ना डावी. पार वाळून पाषाणाला चिकटल्या. गुरव शेवटी म्हणाला, "देवी बोलत नाय. उद्या परत लावूया." मला परतीची गाडी होती.

मुंबईत पोचलो तर अनशी खाटेवर बसून सुनेला मेथी निवडून देत होती. गोळ्यांनी हाताला थोडी हुशारी आली होती.

"काय सांगितलान?"

"उजवा दिलान."

"दुसरा काय विचारलात?"

"नाय."

तिने माझ्याकडे बघितलं. मेथीची काडी मोडली. "बरा," म्हणाली.

ऑपरेशन झालं. आम्ही बाहेर बाकावर होतो. डॉक्टर आला, टोपी काढली, म्हणाला, गाठ पूर्ण निघाली, ऑपरेशन यशस्वी झालं. दुसऱ्या दिवशी आत सोडलं. डोक्याला पांढरं मुंडासं, एक डोळा सुजून मिटलेला. मला वाटलं, ओळखणार नाही. तिने चादरीतून डावा हात बाहेर काढला आणि चारी बोटं एकेक करून अंगठ्याला लावून दाखवली. सगळ्या वॉर्डात तेवढंच करत बसली दिवसभर. नर्स आली की दाखवायची, झाडूवाली आली की दाखवायची.

शेक संपवून गावाला आलो त्या प्रवासात एक मजा झाली. तिचं डोकं तासलेलं होतं, पदर घट्ट घेतला तरी कळायचं. वाटेत गाडी थांबली, मी उतरून आडोशाला गेलो. शेजारच्या बाकावरच्या एका म्हातारीने तिचं डोकं बघितलं आणि जुन्या काळची बाई ती, डोळ्यांना पदर लावून विचारलं, "कधी गेले गो?"

"आत्ताच," अनशी म्हणाली. "येतील, धोतर सावरून."

त्यानंतर मात्र तिने कुंकू पूर्वीच्या दुप्पट लावायला सुरुवात केली. गोळ्यांनी तिचं तोंड सुजून गोल झालं होतं. वाडीतल्या बायका म्हणाल्या, वयनीला मुंबईचा पाणी मानवला. मी कोणाला काही सांगितलं नाही. मलाही ती बरीच दिसत होती. रांगोळी अख्खी काढत होती. एक दिवस बघतो तर घाटीतून कळशी घेऊन वर येतेय. मी ओरडलो. ती म्हणाली, "हात आला कशाला मग? ओवाळायला?"

शिमगा झाल्यावर परत मुंबईला बोलावलं होतं. परत यंत्र, परत फोटो. डॉक्टरने या वेळी फोटो उजेडावर लावायला वेळ घेतला. जिथून गाठ काढली ती जागा स्वच्छ होती. पण खाली, खोल, दुसऱ्या अंगाला दोन ठिपके होते.

मी म्हटलं, "तुमी तर म्हणालात यशस्वी झालं."

"झालंच होतं," तो म्हणाला. "ती गाठ परत आलेली नाही. हे नवीन आहे. आणि इथे हात घालता येणार नाही."

"मग यशस्वी कशाला म्हणालात?"

डॉक्टरने चष्मा काढला. तो काय बोलणार होता कोण जाणे. खाणीत कधी कधी चांगल्या दगडात मऊ मातीचा कप्पा लागतो. तेवढा टाकून पुढे कापत गेलं की वाटतं, आता दगड साफ आहे. पुढे काय आहे ते कुऱ्हाड मारल्याशिवाय कोणाला दिसतं? हे मला त्याच वेळी आठवलं, तरी त्याच्यावरचा राग जाईना. आणि राग नक्की कसला, तेही कळेना. त्याने फसवलं नव्हतं. हात दिला होता.

अनशी म्हणाली, "रातांब्यांपर्यंत हात राहील काय?"

डॉक्टरला रातांबे कळले नाहीत. सुरेशने सांगितलं, वैशाखात. डॉक्टर म्हणाला, "राहावा. गोळ्या चुकवू नका." ती उठली. मी या वेळी काही विचारलं नाही.

रातांबे यंदा उशिरा पिकले. झाडाखाली लाल सडा पडला आणि ती सूप घेऊन बसली. मी फोडायला मदत करत होतो. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत लाल. डोक्यावर करड्या केसांची खुंटं उगवली होती. फोडता फोडता, वर न बघता म्हणाली,

"त्या दुसऱ्याला देवी काय म्हणाली?"

"कुठल्या दुसऱ्याला?"

"तुमी विचारलात त्याला. तुमी न विचारता येणार नाय, ता काय मला ठाऊक नाय?"

मी रातांबा हातात धरून बसलो. म्हटलं, "काय बोलली नाय. एकही पाकळी पडली नाय."

तिने सुपातला आणखी एक रातांबा फोडला. बिया मिठाच्या भांड्यात टाकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे डावा दिलान नाय."

"नाय."

"मग एवढे दिवस तोंड पाडून का फिरताय? माझा मनासारखा झाला हाय. बघा." आणि डाव्या हाताच्या एका दाबात रातांबा फोडून दाखवला. रस माझ्या सदऱ्यावर उडाला. त्यावर हसली. मला हसू आलं नाही. मला तिच्यासारखं तेवढ्यात भागवता येत नाही. हात आला, पण मला हाताबरोबर ती हवी होती. आणि देवी गप्प राहिली त्याचा अर्थ तिने काढला तो खरा की मी काढला तो, हे आता कोणाला विचारू?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती तरटाची संध्याकाळ आली, ती मी सांगितली आहे. रत्नागिरीहून तिला घरी आणली. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेश मुंबई गाडीने पोचला. ओटीच्या पायरीशी, ती बसली होती त्याच जागी, बसून रडला. मग म्हणाला, "बाबा, ऑपरेशन केलंच नसतं तर?"

मी सांगितलं, "मला ठाऊक नाय." खरंच ठाऊक नाही. नसतं केलं तर कदाचित दिवाळीनंतरच गेली असती, कदाचित नसती गेली. रांगोळी अर्धी राहिली असती एवढं नक्की. त्याने डोळे पुसले. मी म्हटलं, "तो तरटाचा कोपरा धर."

आम्ही आमसुलं ओटीवरून अंगणात आणली. त्याचा कोपरा खाली होता. मी बोललो नाही. एक साल उचलून दातांत धरलं, डोळे मिटले. आंबट लागलं, खारट लागलं. झालं की अजून एक पुट मागतंय, काही कळलं नाही. दुसरं धरलं, तेही तसंच. शेवंती पेज घेऊन आली होती, कुंपणाशी थांबली.

"भावजी, सुतकात पुट कोण देत नाय."

मला तिला पुष्कळ विचारायचं होतं. किती पुटं झाली, तुला काही बोलली होती काय, साल कसं लागतं तेव्हा झालं म्हणायचं. मी म्हटलं, "शेवंती, रस आंबला काय, तेवढा सांग."

ती आत गेली. मडक्यावरचं फडकं काढून वास घेतला. "नाय," म्हणाली.

मी मडकं बाहेर आणलं, सालं रसात घातली, दोन्ही हातांनी वर-खाली केली. मग निथळून तरटावर एकेक मांडायला बसलो, पाठ खाली, पोट वर, ती मांडायची तशी. डावीकडून सुरुवात केली.